आधी बृंहण की आधी कर्शन?

व्यायामशाळेत जाऊ लागलेले तरुण बल्य पाक मागावयास येतात. हातपाय कृश, उदर मात्र सुटलेले. अशांस प्रथम बृंहण द्यावे की कर्शन? चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २१ व्या अध्यायात याचे सूत्र आहे. मेदोवृद्धीत मेदच पोसला जातो, इतर धातू पोषणास मुकतात. तेव्हा तूप-साखरेच्या पाकाने मांस नव्हे, मेदच वाढतो व प्रमेहास वाट मिळते. म्हणून आमच्या मते मेदस्वी व्यक्तीस जव, मूग, कुळीथ व नियमित व्यायाम आधी; सर्वांगाने कृश असलेल्यास बृंहण आधी. वाग्भटांनी ग्रीष्मात व्यायाम वर्ज्य मानला आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात याचे विस्मरण नको. औषधविक्रेत्यांनीही पाक देण्यापूर्वी अशा ग्राहकास वैद्यांकडे पाठवावे, ही विनंती.