नव्या मत्स्यटाकीतील जिवाणू आणि सोलापूरचे पाणी

माशांचे कल्ले, त्यांची विष्ठा आणि कुजणारे खाद्य यांतून पाण्यात सतत अमोनिया मिसळत असतो. वाहत्या नदीत तो विरून जातो, परंतु काचेच्या बंदिस्त टाकीत साचून माशांच्या जिवावर उठतो. काही जिवाणू या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर बऱ्याच अंशी निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात आणि या दोन टप्प्यांच्या क्रियेस नायट्रीकरण म्हणतात. ही क्रिया सजीवांकडून होते, हे श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच संशोधकांनी १८७७ मध्ये दाखवून दिले. वाळूतून पाझरणाऱ्या सांडपाण्यात नायट्रेट तयार होत असताना क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते तयार होणे थांबले होते. मत्स्यटाकीत दुसऱ्या टप्प्याचे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा हे जिवाणू करतात, हे १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्पष्ट झाले.

हे जिवाणू पाण्यात तरंगण्यापेक्षा फिल्टरचा स्पंज, वाळू व खडे यांना चिकटून राहतात आणि त्यांची संख्या दुप्पट होण्यास अनेक तास लागत असल्याने नवी टाकी तयार होण्यास साधारण चार ते सहा आठवडे जातात.

सोलापुरात उजनी धरणाच्या नळपाण्यातील क्लोरीन या जिवाणूंना मारक ठरतो, म्हणून तो काढून टाकल्यावरच पाणी वापरावे लागते. बेसॉल्ट खडकातील बोअरचे पाणी बहुधा क्षारयुक्त असते आणि त्यातील बायकार्बोनेट नायट्रीकरणात निर्माण होणारे आम्ल शोषून जिवाणूंना साहाय्य करते. मात्र त्याच पाण्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कधर्मितेचे माप, चढा असल्यास अमोनिया अधिक घातक बनतो: २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असताना एकूण अमोनियाचा सुमारे अर्धा टक्का भाग विषारी मुक्त रूपात असतो, तर सामू ८ झाल्यास तो पाच टक्क्यांवर जातो. उन्हाळ्यात हे प्रमाण आणखी वाढते, शिवाय तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि तो मासे व जिवाणू दोघांनाही लागतो.

त्यामुळे मासे न सोडता चिमूटभर खाद्य कुजू देणे, निरोगी जुन्या टाकीतील स्पंजचा तुकडा आणून लावणे आणि हवेचा पंप चालू ठेवणे हा सुरक्षित मार्ग ठरतो. तपासणी संचात अमोनिया व नायट्राइट सलग काही दिवस शून्य आणि नायट्रेट वाढते दिसले, की थोडे थोडे मासे सोडावेत, कारण जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या अमोनियाच्या प्रमाणातच वाढते.