पन्नास वर्षांचें मौन

सकाळची बातमी संध्याकाळीं रद्दींत जाते, अशी वर्तमानपत्रांविषयीं आपली तक्रार असते. परंतु आज मी जी हकीकत सांगणार आहें, ती उजेडांत यावयास पन्नास वर्षें लागलीं. आणि तिचा आरंभ एका रेडिओच्या यंत्रापाशीं झाला.

१९९२ सालच्या जून महिन्यांत फिलिपाइन्समधील एक वृद्ध विधवा घरीं रेडिओ ऐकत होत्या. दुसऱ्या महायुद्धांत जपानी सैन्यानें ज्या स्त्रियांना छावण्यांत कोंडून त्यांच्या शरीराची विटंबना केली, त्यांपैकीं कोणी हयात असल्यास त्यांनीं पुढें यावें, त्यांनीं लाजण्याचें कांहीं कारण नाहीं, असें आवाहन चाललें होतें. आपला शब्द कोणत्या घरांत जाऊन पोहोंचतो, हें ध्वनिक्षेपकापुढें बसणाऱ्यास कधींच कळत नाहीं. त्या दिवशीं तो मारिया रोझा हेन्सन यांच्या घरांत पोहोंचला. मुलांनाहि न सांगितलेली गोष्ट त्यांनीं १८ सप्टेंबर १९९२ रोजीं पत्रकारांसमोर सांगितली. फिलिपाइन्समध्यें उघडपणें असें सांगणारी ती पहिली स्त्री. लोक त्यांना 'लोला रोझा' म्हणूं लागले. लोला म्हणजे आजी.

१९४३ च्या एप्रिलांत ही आजी पंधरा वर्षांची मुलगी होती. जपान्यांविरुद्ध लढणाऱ्या हुकबलाहाप या गनिमी दलाचें काम ती करी. मक्याच्या पोत्यांखालीं शस्त्रें दडवून रेड्याच्या गाडींतून जात असतां आंजेलिस गांवच्या चौकीवर पहारेकऱ्यानें तिच्या सोबत्यांना जाऊं दिलें आणि तिला एकटीला ठेवून घेतलें. पुढचे नऊ महिने ती कैदेंत होती. प्रथम एका इस्पितळाच्या इमारतींत, मग भाताच्या गिरणींत. १९४४ च्या जानेवारींत गनिमांनीं तिला सोडविलें. अशा स्त्रियांना जपानी लष्कर 'सांत्वन देणाऱ्या स्त्रिया' म्हणे! अत्याचाराला इतकें मृदु नांव क्वचितच मिळालें असेल.

आतां शोधक पत्रकारितेचा येथें काय संबंध, असें आपण विचाराल. हुकूमशहा मार्कोस १९८६ सालीं पदच्युत झाल्यावर, १९८९ मध्यें, कांहीं पत्रकारांनीं मनिला येथें शोधक पत्रकारितेचें एक स्वतंत्र केंद्र स्थापिलें. रोजच्या बातमीच्या धांवपळींत ज्या चौकशीस सवड मिळत नाहीं, ती करणें हा त्याचा हेतु. राष्ट्राध्यक्ष एस्त्रादा यांच्या संपत्तीचा शोध याच केंद्रानें २००० सालीं लावला. अशा संस्थेनें १९९६ मध्यें लोला रोझांचें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें, ही गोष्ट मला एस्त्रादा-प्रकरणापेक्षांहि मोठी वाटते.

कारण बातमीदार स्वभावतः त्या नऊ महिन्यांबद्दलच विचारणार. पुस्तक मात्र तेथून सुरू होत नाहीं. तें सुरू होतें रोझांच्या आईपासून. ती जमीनदाराच्या घरची मोलकरीण. त्यानेंच तिच्यावर बलात्कार केला आणि त्यांतून रोझा जन्मल्या. युद्धानंतरचें आयुष्यहि तितकेंच कष्टाचें. विधवा झाल्यावर लोकांचे कपडे धुणें, मग सिगारेटच्या कारखान्यांत झाडलोट. सैनिक येण्यापूर्वीं जमीनदार होता आणि सैनिक गेल्यावर दारिद्र्य होतें, हें चौकशीच्या तक्त्यांत सांपडलें नसतें. तें त्या बाईंना अथपासून बोलूं दिल्यामुळें सांपडलें.

त्यांच्यामागून दीडशेंहून अधिक स्त्रिया पुढें आल्या. १९९३ च्या एप्रिलांत अठरा जणींनीं टोकियोच्या न्यायालयांत दावा लावला. १९९६ मध्यें जपानांतील एका निधींतून लोला रोझांनीं पैसे स्वीकारले. त्यांतील रक्कम नागरिकांच्या वर्गणीची होती, सरकारी भरपाई नव्हती. म्हणून कित्येक सोबतिणींनीं ती नाकारली व रोझांवर टीकाहि झाली. म्हातारपणीं दारिद्र्यांत असलेल्या बाईस दोष देण्याचें धैर्य मला तरी होत नाहीं. १९९७ च्या ऑगस्टांत त्या वारल्या. दावा १९९८ मध्यें फेंटाळला गेला.

२०१७ च्या डिसेंबरांत मनिलाच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर अशा स्त्रियांचा एक पुतळा उभारण्यांत आला. डोळ्यांवर पट्टी बांधलेली एक उभी स्त्री. पुढच्याच एप्रिलांत, एका रात्रीं, तो हलविण्यांत आला. गटारांच्या कामासाठीं तसें करावें लागलें, असें अधिकाऱ्यांनीं सांगितलें.