स्टार खेळाडूच्या नावाचे बास्केटबॉल शूज: घोटा खरंच सुरक्षित राहतो का?

मुलाला स्टीफन करी किंवा कोबी ब्रायंटच्या नावाचे शूज हवे असतात आणि तुम्हाला काळजी असते पाय मुरगळण्याची. हे शूज घोट्याच्या खालीच संपत असतील, तर ही काळजी वाढते. शूज विकत घेण्यापूर्वी पुढील गोष्टी समजून घ्या.

उंच शूज जास्त सुरक्षित असतात का?

तसे वाटते, पण पुरावा तसा नाही. अमेरिकेत ६२२ कॉलेज खेळाडूंना उंच आणि बुटके शूज वाटून अभ्यास केला गेला. तो १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. घोटा मुरगळण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. उडी मारून दुसऱ्याच्या पायावर उतरल्यास पाऊल आत वळते आणि शरीराचा भार घोट्याच्या बाहेरच्या लिगामेंटवर येतो. शूजची मऊ कडा तो भार पेलू शकत नाही.

मग धोका कोणाला जास्त?

ज्याचा घोटा आधी मुरगळला आहे त्याला. करीच्या उजव्या घोट्यावर २०११ आणि २०१२ मध्ये शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर तो शूजच्या आत अँकल ब्रेस घालून खेळत आला आहे. तुमच्या मुलालाही ब्रेस आणि एका पायावर तोल सांभाळण्याचे व्यायाम शूजच्या नावापेक्षा जास्त उपयोगी पडतील.

दुकानात काय तपासाल?

- संध्याकाळी, खेळताना घालायचे मोजे घालून शूज घालून पाहा.
- सर्वांत लांब बोटापुढे साधारण अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी.
- लेस बांधून चालताना टाच वर सरकता कामा नये.
- शूज बोटांच्या सांध्यापाशी वाकावा, मध्यभागी नाही.
- मूल सिमेंटच्या मैदानावर खेळत असेल, तर तळाचे रबर जाड आणि टिकाऊ हवे. मऊ रबर लवकर झिजते आणि पकड जाते.

डॉक्टरांकडे कधी जाल?

पाय मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याचे हाड दाबल्यावर दुखत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एक्स-रेची गरज पडू शकते. वाढत्या वयातील मुलांमध्ये हाडाच्या वाढीच्या भागालाही इजा होऊ शकते. त्यामुळे 'नुसता मुरगळलाय' म्हणून घरी चोळू नका. घोटा पूर्ण बरा होईपर्यंत खेळ थांबवा, शूज कितीही महाग असले तरी.