गांजाबद्दल मुलांचे मत घरातच घडते

पंचशीलातील पाचवे शील आपल्या बहुतेक मुलांना तोंडपाठ असते. तरीही सोळा वर्षांचा मुलगा विचारू शकतो, 'शीलात सुरा, मेरय, मद्य आहे. गांजाचे नाव कुठे आहे? 22 प्रतिज्ञांतही दारूच आहे.' प्रश्न रास्त आहे. 'गप्प बस' म्हणून तो सुटत नाही.

उत्तर शीलातच आहे. मादक पदार्थ टाळायचे कारण तिथे 'पमादट्ठान' या शब्दात दिले आहे. म्हणजे जिथे माणसाचे भान सुटते ते ठिकाण. नशा बाटलीतून आली काय किंवा चिलमीतून, भान सुटतेच. हे कारण कळलेला मुलगा मित्रांच्या घोळक्यातही स्वतः विचार करू शकतो.

आई-वडिलांचा प्रभाव तीन वाटांनी पडतो. पहिली वाट वागण्याची. वडील रोज संध्याकाळी पिऊन येत असतील, तर त्यांच्या उपदेशाला वजन राहत नाही. दुसरी, स्पष्ट भूमिकेची. पालकांचा नशेला ठाम विरोध आहे आणि मुलगा कुठे, कुणासोबत असतो हे त्यांना ठाऊक आहे, अशा घरांतील मुले नशेकडे कमी वळतात, असे अनेक देशांतील अभ्यास सांगतात. तिसरी वाट संवादाची. मार बसेल या भीतीने मुलगा बोलणेच थांबवतो आणि मग त्याची माहिती फक्त मोबाइल व मित्रांकडून येते.

नायगाव, वरळी, ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी चाळींत गॅलरीतले शेजारीही मुलांवर नजर ठेवत. आता त्यांच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. दार बंद झाले की ही जबाबदारी घरावरच येते.

'नैसर्गिक आहे' या दाव्याला पालकांकडे माहितीने उत्तर हवे. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालते. लहान वयात गांजा सुरू केल्यास स्मरणशक्ती, अभ्यास आणि मानसिक आरोग्याला धोका वाढतो, व्यसन जडण्याची शक्यताही वाढते. एनडीपीएस कायदा, 1985 नुसार गांजा ओढणे हाही गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अठरा वर्षांखालील मुलांचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. अठरानंतर मात्र सरकारी नोकरीच्या पोलीस पडताळणीत असा गुन्हा आडवा येऊ शकतो. पहिल्यांदाच शिकून पुढे आलेल्या घरासाठी ही किंमत फार मोठी आहे.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी नशेचे सहा तोटे सांगितले: धनहानी, भांडण, रोग, बदनामी, निर्लज्जपणा आणि बुद्धीचा ऱ्हास. त्याच सुत्तात आई-वडिलांची कर्तव्येही आहेत. मुलांना वाईटापासून परावृत्त करणे व चांगल्याकडे लावणे ही त्यांतील पहिली दोन. मुलगा आधीच नशेत अडकला असेल, तर त्याला घराबाहेर काढून ही कर्तव्ये पूर्ण होत नाहीत. अशा वेळी परळच्या केईएम किंवा मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयातील मानसोपचार विभाग गाठावा. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 निःशुल्क आहे.

कार्यकर्त्यांनी विहारात फक्त मुलांना बसवून व्याख्यान देऊ नये. रविवारच्या वंदनेनंतर पालकांनाही सोबत बसवावे आणि पहिला प्रश्न मुलांना विचारू द्यावा.