पंतप्रधानांचा जावई जाब विचारतो!

दोस्तांनो, घरातलं कागदपत्रांचं कपाट कधी उघडून पाहिलंय? लाईटची बिलं, रेशनकार्ड, आजोबांचं बँकेचं पासबुक... या गर्दीत एखादी तरी पावती आयुर्विमा महामंडळाची, म्हणजे आपल्या एलआयसीची सापडतेच. पोटाला चिमटा काढून भरलेल्या हप्त्याची ती पावती! असे लाखो लोकांचे हप्ते एकत्र आले की पैशाचा केवढा डोंगर होत असेल! मग त्या डोंगरावर पहारा कोणाचा?

१९५७ साली हाच प्रश्न दिल्लीच्या गोल संसदभवनात विचारला गेला, आणि देशाच्या अर्थमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली.

एलआयसी तेव्हा जेमतेम वर्षाची होती. त्याआधी आयुर्विम्याचा धंदा दोनशेच्या वर खासगी कंपन्या करत. त्यातले काही मालक लोकांचा पैसा आपल्याच खिशातला समजून वापरत. डिसेंबर १९५५ मध्ये एका खासदाराने उद्योगपती रामकृष्ण दालमिया यांच्या विमा कंपनीतले व्यवहार लोकसभेत आकड्यांसकट मांडले. पुढे दालमियांना तुरुंगाची हवा खावी लागली. १९५६ मध्ये सरकारने आयुर्विमा आपल्या ताब्यात घेतला आणि १ सप्टेंबरला एलआयसी सुरू झाली. चला, आता पैसा सुरक्षित, असं लोकांना वाटलं.

तो खासदार म्हणजे रायबरेलीचे फिरोज गांधी. जन्म मुंबईतल्या पारशी घरातला, स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंगवास भोगलेला, पक्ष काँग्रेस. म्हणजे बसायचे सरकारच्याच बाजूला! आणि पंतप्रधान जवाहरलाल नेहरू त्यांचे चक्क सासरे. इंदिरा गांधी या फिरोज यांच्या पत्नी. अशा माणसाने गप्प बसून पद मिळवायचं, की सासऱ्यांच्या मंत्र्यांना अडचणीत आणायचं?

आता लोकसभेत प्रश्न विचारतात कसे, ते बघू. रोजच्या कामकाजाचा पहिला तास प्रश्नोत्तरांचा असतो. ज्या प्रश्नापुढे चांदणी छापलेली असते, तो तारांकित प्रश्न. त्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून तोंडी द्यावं लागतं. ते उत्तर अधिकारी आधीच लिहून देतात, त्यामुळे त्यात फारशी गंमत नसते. खरी गंमत नंतर येणाऱ्या पुरवणी प्रश्नांत! "मग असं का केलंत?" "कोणाला विचारून केलंत?" इथे पाठांतर कामाला येत नाही. तोंडी परीक्षेला बसलेल्या कोणालाही हे कळेल.

सप्टेंबर १९५७ मध्ये काँग्रेसचेच खासदार डॉ. रामसुभग सिंह यांनी विचारलं, की एलआयसीने एका खासगी उद्योगपतीचे शेअर घेतलेत का? नोव्हेंबरमध्ये पुन्हा प्रश्न आले, त्यात फिरोज गांधीही होते. उत्तरं मिळाली, पण गुंता सुटेना. शेवटी १६ डिसेंबरला या विषयावर चर्चा ठरली आणि फिरोज बोलायला उभे राहिले.

प्रकरण असं होतं. कलकत्त्याचे उद्योगपती हरिदास मुंदडा पैशाच्या अडचणीत होते. जून १९५७ मध्ये एलआयसीने त्यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. त्या काळचे सव्वा कोटी, बरं का! सहांपैकी एक कंपनी होती आपल्या भायखळ्याची रिचर्डसन अँड क्रुडास. बाजार घसरतोय, त्याला टेकू द्यायला हे केलं, असं सांगितलं गेलं. पण असे पैसे गुंतवण्याआधी महामंडळाच्या गुंतवणूक समितीला विचारायला हवं होतं. तिला विचारलंच नव्हतं.

शिवाय भावाचं काय? समजा, बाजारात आंबे शंभर रुपये डझन आहेत. तुम्ही घ्यायला निघालात आणि नेमका आदल्या दोन-चार दिवसांत भाव सव्वाशेवर गेला. तुम्हाला शंका येणार की नाही? फिरोज यांनी शेअरांचे भाव तारखेनुसार वाचून दाखवले. खरेदीच्या जरा आधीच ते चढले होते! आरडाओरडा नाही, नुसते आकडे. हे महामंडळ संसदेने जन्माला घातलंय, तेव्हा त्याच्यावर नजर ठेवणं संसदेचंच काम आहे, असं त्यांनी बजावलं. स्वतःच्याच पक्षाविरुद्ध का बोलता? तर माझ्या मनातच बंड उठलंय, अशा अर्थाचं ते बोलले.

सरकारला चौकशी नेमावी लागली. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी ती मुंबईत, सगळ्यांसमोर घेतली. गर्दी इतकी, की आत जागा न मिळालेल्यांसाठी बाहेर लाउडस्पीकर लावले. एरवी क्रिकेटची कॉमेंटरी ऐकावी तशी माणसं मंत्र्यांची साक्ष ऐकत होती! अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचं म्हणणं होतं, की या खरेदीला आपण संमती दिली नव्हती, अर्थसचिव एच. एम. पटेल यांनीच ते परस्पर केलं. छागलांनी हे मानलं नाही. सचिवाने केलेल्या कामाची जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. महिन्याच्या आत, १० फेब्रुवारी १९५८ ला अहवाल तयार! आजच्या चौकशा किती चालतात ते घरी विचारा. त्याच महिन्यात अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला. नेहरूंनी तो जड मनाने स्वीकारला.

पण गोष्टीतल्या माणसांचं पुढे काय झालं, तेही ऐका. कृष्णम्माचारी १९६३ मध्ये पुन्हा अर्थमंत्री झाले. सचिव पटेल तर १९७७ मध्ये जनता सरकारात स्वतःच अर्थमंत्री झाले. मुंदडा तुरुंगात गेले. फिरोज गांधी मात्र ८ सप्टेंबर १९६० रोजी, अठ्ठेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर असताना हृदयविकाराने गेले.

त्यांचं आणखी एक काम फारसं कोणाला माहीत नसतं. खासदाराला सभागृहात बोलल्याबद्दल कोर्टात खेचता येत नाही, पण तेच भाषण छापणाऱ्या वर्तमानपत्राला ती भीती होती. फिरोज यांनी स्वतः विधेयक मांडलं आणि १९५६ मध्ये त्याचा कायदा झाला. त्यामुळे संसदेतल्या भाषणाची खरी बातमी चांगल्या हेतूने देणं सुरक्षित झालं. पुढे आणीबाणीत, १९७६ साली, हा कायदा रद्द झाला. पंतप्रधान होत्या इंदिरा गांधी. १९७७ मध्ये नव्या सरकारने तो परत आणला.