विश्लेषण : १९९३ मध्ये लिहिलेली २०२४ ची डायरी... ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ संकटात टिकण्याबद्दल काय सांगते?

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस परिसरात वणवे पेटले, तेव्हा समाजमाध्यमांवर एका जुन्या कादंबरीतील नोंद फिरू लागली. नोंदीची तारीख होती १ फेब्रुवारी २०२५ आणि विषय होता वस्तीत लागलेली आग. कादंबरी मात्र प्रसिद्ध झाली होती १९९३ मध्ये. ऑक्टेव्हिया बटलर यांची ‘पॅरेबल ऑफ द सोअर’. त्या वणव्यांपैकी ‘ईटन’ वणव्याने अल्टाडेना आणि परिसरातील नऊ हजारांहून अधिक बांधकामे भस्मसात केली. बटलर यांची कबर याच अल्टाडेनात आहे. साहजिकच ‘हे त्यांना आधीच कसे कळले?’ असा प्रश्न अनेकांनी विचारला. पण कादंबरी वाचल्यावर लक्षात येते, की काय घडणार यापेक्षा, घडल्यावर माणसे कशी टिकणार यावर तिचा भर अधिक आहे. तिचे उत्तर या प्रकारच्या नेहमीच्या कथांपेक्षा वेगळे आहे. (कादंबरीतील महत्त्वाच्या घटनांचा उल्लेख पुढे आहे.)

कथानक काय आहे?

कादंबरी डायरीच्या स्वरूपात आहे. पहिली नोंद २० जुलै २०२४ ची, म्हणजे नायिका लॉरेन ओलामिनाच्या पंधराव्या वाढदिवसाची. लॉस एंजेलिसपासून सुमारे २० मैलांवरील रॉब्लेडो या काल्पनिक गावात, भिंतीने वेढलेल्या एका छोट्या गल्लीत ती राहते. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक आणि प्राध्यापक आहेत. सावत्र आई गल्लीतल्या मुलांना शिकवते. भिंतीबाहेर उपासमार, लूटमार आणि बेघरांची गर्दी आहे. पाऊस वर्षानुवर्षे पडत नाही, पाणी पेट्रोलपेक्षा महाग झाले आहे. पोलीस आणि अग्निशमन दल आहे, पण सेवेसाठी पैसे मोजावे लागतात. त्यात ‘पायरो’ नावाचा अमली पदार्थ पसरतो. तो घेणाऱ्याला आग बघण्यातच सुख वाटू लागते.

२०२६ मध्ये लॉरेनचा भाऊ कीथ भिंतीबाहेर मारला जातो. वर्ष संपता संपता वडील कामावरून परततच नाहीत. जुलै २०२७ च्या अखेरीस एका रात्री टोळी भिंत फोडून आत शिरते आणि गल्ली जाळून टाकते. वाचलेल्या हॅरी आणि झाहरा या दोघांसह अठरा वर्षांची लॉरेन पुरुषाचा वेश घेऊन महामार्गाने उत्तरेकडे पायी निघते. शेवटच्या नोंदी ऑक्टोबर २०२७ च्या आहेत.

ऑक्टेव्हिया बटलर कोण होत्या?

बटलर यांचा जन्म २२ जून १९४७ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे झाला. वडील लहानपणीच गेले. आई लोकांच्या घरी कामे करायची. कृष्णवर्णीय असल्यामुळे आईला मागच्या दाराने आत जावे लागताना बटलर यांनी पाहिले होते. भांडी घासणे, फोनवरून विक्री, बटाट्याचे वेफर्स तपासणे अशी मिळतील ती कामे करत त्यांनी पहाटे उठून लेखन केले. ‘किंड्रेड’ (१९७९) या कादंबरीने त्यांना ओळख दिली. १९९५ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या विज्ञानकथालेखिका. २००६ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ न्यूयॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या यादीत आली ती २०२० मध्ये, म्हणजे करोनाच्या वर्षात आणि लेखिकेच्या मृत्यूनंतर १४ वर्षांनी.

भिंत का वाचवू शकली नाही?

कादंबरीचा पहिला मध्यवर्ती विषय म्हणजे भिंत. गल्लीतल्या लोकांनी एक तडजोड स्वीकारलेली असते. बाहेर काय व्हायचे ते होवो, आपण आत सुरक्षित राहू आणि एक दिवस जुने दिवस परत येतील. मोठी माणसे त्या जुन्या दिवसांबद्दलच बोलतात. ते दिवस परत येणार नाहीत, हे लॉरेनला पंधराव्या वर्षीच कळलेले असते.

अभियांत्रिकीत ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ असा एक शब्दप्रयोग आहे. ज्या एका भागावर सगळी यंत्रणा टेकलेली असते आणि जो बंद पडला की सगळेच बंद पडते, असा भाग. रॉब्लेडोत असे दोन भाग आहेत. एक भिंत आणि दुसरा लॉरेनचे वडील. पहारा, नेमबाजीचा सराव, प्रार्थना, भांडणे मिटवणे हे सगळे त्यांच्याभोवती फिरते. ते नाहीसे झाल्यावर काही महिन्यांतच वस्ती संपते. भिंत चोराला थोडा वेळ अडवते, पण बाहेर भूक वाढत राहिली तर आतल्या हिरव्या बागा हेच लुटारूंसाठी आमंत्रण ठरते, हे बटलर कोणतेही भाषण न देता दाखवतात.

तयारी म्हणजे नेमके काय?

लॉरेन एक पिशवी भरून ठेवते. त्यात पाणी, टिकणारे अन्न, पैसे, कपडे, काडेपेटी आणि बियाणे असते. वनस्पती, प्रथमोपचार, घरबांधणी यावर मिळेल ते पुस्तक ती वाचते. आपली भीती ती जोअॅन या मैत्रिणीला सांगते. जोअॅन घाबरून ते घरी सांगते आणि लॉरेनला वडिलांची बोलणी खावी लागतात. पण वडील तिला गप्प बसवत नाहीत. लोकांना घाबरवू नकोस, त्यांना शिकव, असा त्यांच्या सांगण्याचा रोख असतो. कादंबरीतील हा प्रसंग महत्त्वाचा आहे. पुढे लॉरेन जे काही उभे करते, त्याचे मूळ या सल्ल्यात आहे.

पुस्तकी तयारी पुरेशी नसते, हेही कादंबरी सांगते. रस्त्यावर पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते ती झाहरा. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण तिचे बालपण भिंतीबाहेर गेलेले असते. कुणापासून दूर राहायचे, काय उचलायचे, कुठे झोपायचे नाही, हे ती जाणते. लॉरेन तिला अक्षरे शिकवते, झाहरा लॉरेनला रस्ता शिकवते.

दुसऱ्याचे दुखणे स्वतःला जाणवले तर?

लॉरेनला ‘हायपरएम्पथी’ हा काल्पनिक विकार आहे. आईने गरोदरपणी घेतलेल्या एका औषधाचा हा परिणाम. समोरच्याला वेदना होताना दिसल्या की तिलाही त्या जाणवतात. कादंबरीतले डॉक्टर याला भ्रम मानतात, पण तिच्यासाठी ती वेदना खरीच असते. वाचकाला वाटू शकते, की अशी संवेदना सर्वांना असती तर जग चांगले झाले असते. बटलर हा सोपा मार्ग घेत नाहीत. हल्लेखोरावर गोळी झाडली तर त्याची वेदना लॉरेनलाही जाणवते. त्यामुळे नुसते जखमी करून भागत नाही. स्वतः कोसळू नये म्हणून तिला नेम जीवघेणाच धरावा लागतो. म्हणजे जिला दुसऱ्याचे दुःख सर्वाधिक कळते, तिलाच ठार मारण्याची तयारी ठेवावी लागते. ती मृतांच्या खिशातील पैसेही घेते. करुणा आणि व्यवहार यांची ही ओढाताण कादंबरी शेवटपर्यंत सोडवत नाही. म्हणूनच ती खरी वाटते.

कंपनीचे गाव आणि कर्जाची साखळी कशासाठी?

रॉब्लेडोतील काही जणांपुढे आणखी एक पर्याय असतो. समुद्रकाठचे ऑलिव्हर हे गाव एका मोठ्या कंपनीने ताब्यात घेतलेले आहे. तिथे नोकरी, घर आणि बंदूकधारी पहारा मिळतो. पगार मात्र इतका कमी, की राहण्या-खाण्याचा खर्च भागवता भागवता माणूस कंपनीचा कर्जदार होतो. जोअॅनचे कुटुंब तिथे जाते. लॉरेनचे वडील नकार देतात.

या व्यवस्थेचे पुढचे टोक एमरी या पात्रातून दिसते. ती एका कृषी कंपनीच्या शेतावर राबलेली आहे. मजुरी कंपनीच्याच दुकानात चालणाऱ्या चिठ्ठ्यांत मिळते आणि कर्ज फिटत नाही म्हणून तिची मुले नेली जातात. हे बटलर यांनी हवेतून आणलेले नाही. अमेरिकेतील कोळसा खाणींच्या वसाहतींत मजुरी अशाच कंपनीच्या नाण्यांत दिली जात असे. आपल्याकडे याला वेठबिगारी म्हणतात. सुरक्षिततेच्या बदल्यात स्वातंत्र्य देणे किती शहाणपणाचे, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

‘अर्थसीड’ हा धर्म आहे की जगण्याची पद्धत?

वडिलांच्या धर्मावरचा विश्वास उडालेली लॉरेन डायरीत स्वतःचा विचार मांडत जाते आणि त्याला ‘अर्थसीड’ असे नाव देते. बदल हीच एकमेव टिकणारी शक्ती आहे. तिची प्रार्थना करून उपयोग नाही, पण तिला आकार देता येतो, असा त्याचा गाभा. माणसाने एक दिवस इतर ग्रहांवर रुजावे, हे त्याचे दूरचे ध्येय.

कादंबरीचे नावही बीजाशीच जोडलेले आहे. बायबलमध्ये येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला आहे. काही बी वाटेवर पडते, काही खडकावर, काही काट्यांत आणि थोडेच चांगल्या जमिनीत. लॉरेनचे सोबती म्हणजे असेच इकडेतिकडे विखुरलेले बी. नंतर एक योगायोग घडला. २०२१ मध्ये ‘पर्सिव्हरन्स’ रोव्हर मंगळावर जिथे उतरला, त्या जागेला ‘नासा’ने बटलर यांचे नाव दिले.

भाकीत किती खरे ठरले?

तंतोतंत पाहिले तर बरेच खरे ठरलेले नाही. ‘पायरो’ नावाचा पदार्थ आला नाही, अमेरिकेचा अंतराळ कार्यक्रम गुंडाळला गेला नाही, पोलीस यंत्रणाही कोसळलेली नाही. दिशा मात्र ओळखीची वाटते. वणवे, पाणीटंचाई, घरांच्या किमती, श्रीमंतांच्या बंदिस्त वसाहती हे सगळे आज बातम्यांत आहे. १९९८ मधील ‘पॅरेबल ऑफ द टॅलेंट्स’ या दुसऱ्या भागातील राजकीय नेत्याची घोषणा तर पुढे खऱ्या निवडणुकीत गाजली. त्याच्याशी मिळतीजुळती घोषणा रोनाल्ड रेगन यांनी १९८० मध्येच वापरली होती.

यातच बटलर यांची पद्धत कळते. त्या पुढचे पाहत नव्हत्या, आजूबाजूचे पाहत होत्या. कादंबरी लिहिली गेली त्या काळात कॅलिफोर्निया १९८७ ते १९९२ अशा सलग दुष्काळातून गेला होता. १९९१ मध्ये ओकलंडच्या टेकड्यांवरील आगीत २५ जणांचा मृत्यू झाला होता आणि १९९२ मध्ये लॉस एंजेलिस दंगलीत पेटले होते. आज दुर्लक्षित असलेल्या समस्या तशाच वाढू दिल्या तर तीसेक वर्षांत त्यांचे काय होईल, एवढेच त्यांनी मांडून पाहिले.

इतर ‘डिस्टोपिया’पेक्षा ही कादंबरी वेगळी कशी?

डिस्टोपिया म्हणजे बिघडलेल्या समाजाचे कल्पित चित्र. ‘द हंगर गेम्स’मध्ये शत्रू म्हणजे जुलमी सत्ता. ती उलथवणे हे नायिकेचे काम. कॉरमॅक मॅकार्थी यांच्या ‘द रोड’मध्ये बाप आणि मुलगा जवळपास सर्वांपासून लपत चालतात. बटलर यांच्या जगात उलथून टाकावी अशी बलाढ्य सत्ताच नाही, आणि लपून फार काळ जगताही येत नाही. त्यामुळे लॉरेनपुढे एकच प्रश्न उरतो. अनोळखी माणसावर विश्वास ठेवायचा तर किती आणि कधी? ती आधी मदत करते, मग पारखते. तान्हे बाळ असलेले जोडपे, ५७ वर्षांचे डॉक्टर बँकोल, दोन बहिणी, आई गमावलेला लहान मुलगा, वेठबिगारीतून पळालेल्या आया-बापांच्या मुली, असा हा गट वाढत जातो. बंदुका असतात, पहारेही असतात, पण पहारा आळीपाळीने असतो आणि जेवण वाटून. रॉब्लेडोप्रमाणे सगळे एका माणसावर टेकलेले नसते.

ते बँकोल यांच्या जमिनीवर पोहोचतात, तेव्हा तिथले घर जळालेले आणि माणसे मेलेली आढळतात. तरीही ते थांबतात. आपापल्या मृतांसाठी ओकची बीजे लावतात आणि वस्तीला ‘एकॉर्न’, म्हणजे ओकचे बी, असे नाव देतात. भिंत पडल्यावर निघालेले तिघे, वाटेत एका सोबतिणीला गमावूनही, पोहोचतात तेव्हा तेरा झालेले असतात. ही वस्तीही कायम सुरक्षित राहत नाही, हे दुसऱ्या भागात कळते. पण संख्या वाढते ती माणसे जोडल्यामुळे, एवढे या भागात पुरेसे स्पष्ट होते.

जानेवारी २०२५ च्या वणव्यांच्या वेळी पॅसाडेनातील ‘ऑक्टेव्हियाज बुकशेल्फ’ हे पुस्तकांचे दुकान मदतकेंद्र बनले होते. पुस्तकांच्या जागी पाणी, कपडे आणि गरजेच्या वस्तू आल्या, ज्याला हवे त्याने घेऊन जावे म्हणून. दुकानाचे नाव ज्या लेखिकेवरून ठेवले, तिच्या कादंबरीतील आगीची तारीख चर्चेत राहिली. पण आगीनंतर काय करायचे हे कादंबरीने सांगितले होते आणि त्या दुकानात नेमके तेच सुरू होते.