उसातल्या बिबट्याचा हिशेब

मागच्या गळीत हंगामात सावद्याच्या शिवारात एका सभासद बंधूंच्या खोडव्यात तोड चालू होती. बांधाच्या ओल्या मातीत पंजाचे ठसे दिसले आणि तोडणीवाल्यांनी कोयते खाली टाकले. फड थांबला, ट्रॅक्टर रिकामा उभा राहिला, आणि दुपारी पाच-सात मंडळी आमच्याकडे आली. म्हणणे एकच : "वनखात्याला पत्र द्या, पिंजरा लावू द्या अन् हे जनावर सातपुड्यात नेऊन सोडू द्या. बस!"

पत्र आम्ही दिले. पण 'सातपुड्यात नेऊन सोडा' हे शब्द मनात राहिले. कारण हा उपाय एकदा करून झालेला आहे, आणि त्याचा जमाखर्च डॉ. विद्या अत्रेय या वन्यजीव-अभ्यासक बाईंनी मांडून ठेवला आहे.

हे काम सुरू झाले पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात. तिकडे धरणांचे पाणी आले, पाण्यामागे ऊस आला, आणि उसात बिबट्याला बारमाही आडोसा मिळाला. २००१ पासून तिथे पिंजरे लावून बिबटे धरण्याचा आणि दूरच्या जंगलात सोडण्याचा सपाटा सुरू झाला. विद्याताईंनी प्राण्यांचे डॉक्टर अनिरुद्ध बेलसरे यांच्या साथीने धरलेल्या बिबट्यांच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी ओळखचिप बसवली. बैलाच्या कानातल्या बिल्ल्यासारखेच म्हणा. पुन्हा सापडला तर हा कोण, कुठला, ते कळावे.

मग हिशेब जुळवला तो असा. १९९३ ते २००१ या काळात जुन्नर वनविभागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. धरपकड जोरात सुरू झाल्यावर ते १७ वर गेले. म्हणजे औषधाने रोग वाढला. पिंजऱ्यात डांबलेले, बिथरलेले जनावर परक्या मुलखात सोडले की त्याला ना पाणवठा ठाऊक, ना वाट. बरेचदा ते घराकडे निघते, आणि वाटेत गावे लागतात. इकडे मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतो तो निराळाच.

आता आपल्या कानाला लागणारी गोष्ट. जुन्नरकडचे काही बिबटे आपल्या यावल अभयारण्यात आणून सोडले होते. त्यानंतर त्या बाजूला माणसांवर हल्ले झाले, आणि पकडलेल्या जनावरात जुन्नरची चिप निघाली. जुन्नरकरांनी आपली पीडा आपल्या दारात टाकली असे कोणी म्हणेल, पण त्यांनाही तेव्हा हे माहीत नव्हते.

पुढे विद्याताईंनी नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात मुक्काम ठोकला. जंगल नाही, ऊस आणि वस्ती दाट. तिथे त्यांनी आपोआप फोटो काढणारे कॅमेरे पायवाटांवर बांधले. शंभर चौरस किलोमीटरला सुमारे ५ मोठे बिबटे निघाले. त्या अभ्यासाच्या काळात तिथे बिबट्याने एकही माणूस मारलेला नव्हता. तो खातो काय, हे त्यांनी विष्ठा तपासून पाहिले. खाण्यात वजनाने ३९ टक्के कुत्री, १५ टक्के मांजरे. शेळ्या ११ टक्केच, जरी गावात शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट होत्या. कारण शेळी रात्री कोंडलेली असते, कुत्रे उकिरड्यावर मोकळे असते.

२००९ साली टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या एका म्हाताऱ्या बिबट्याला त्यांनी गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. नाव ठेवले 'आजोबा'. हे आजोबा महामार्ग आणि खाडी ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचले, वाटेत कोणाला ओरखडाही न काढता. २०११ मध्ये घोडबंदर रस्त्यावर गाडीखाली गेले. त्यांच्यावर २०१४ साली मराठी सिनेमाही निघाला. २०११ सालीच केंद्र सरकारने बिबट्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात ऊठसूट धरून दुसरीकडे सोडू नये असे आले.

एक सभासद आम्हाला म्हणाले, "ज्याचं पोर जातं त्याला हे आकडे सांगाल का?" नाही सांगणार. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यात, माणसे मारणाऱ्या बिबट्याला अखेर गोळी घालावी लागली. २०२५ साली शिरूर तालुक्यात पुन्हा मुलांचे बळी गेले. माणसावर चटावलेले जनावर हटवलेच पाहिजे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो नुसते दिसलेले जनावर धरण्याबद्दल.

आमच्या खोडव्याचे पुढे काय झाले ते सांगतो. वनरक्षक आले, ठसे पाहिले. तोड बांधाकडून सुरू करून एक बाजू मोकळी ठेवायला सांगितली, म्हणजे जनावराला निघून जायला वाट राहते. तोडणीवाल्यांच्या कोप्यांजवळ रात्रभर दिवा दिला, पोरांना आत निजवायला सांगितले, मेलेले वासरू उकिरड्यावर टाकले होते ते पुरून घेतले. गोठ्याला दार नव्हते, ते बसवले. चौथ्या दिवशी सरीत दोन बछडे सापडले. पूर्वी लोक अशी पिले उचलून घरी आणत, आणि आई रात्रभर गावाभोवती फिरे. या वेळी कोणी हात लावला नाही. वनखात्याच्या माणसांनी ती क्रेटमध्ये तिथेच ठेवली आणि सगळ्यांना मागे हटवले. सकाळी क्रेट रिकामे होते, आणि आठ वाजता फडावर कोयते पुन्हा चालू झाले.